कोकणातल्या शाळेत पंधरा दिवस लिनक्स शिकवून काही उरतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आयटीत नोकरी आहे, पंधरा दिवसांची रजा काढून कोकणातल्या एखाद्या शाळेत लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली) आणि लिबरऑफिस (एमएस ऑफिससारखा संच) हे कोणालाही वापरता, बदलता, वाटता येणारं मुक्त सॉफ्टवेअर विनामोबदला शिकवायचंय, आफ्रिकेत स्वयंसेवक जातात तसं. त्याचा गावाला खरंच उपयोग होतो, की फक्त आपल्यालाच बरं वाटतं?

दोन्ही होतं. मात्र उपयोग किती होणार हे तुम्ही वर्गात काय शिकवलंत यावर कमी आणि तुमची एसटी सुटल्यावर मशीन कोणाच्या हातात राहिलं यावर जास्त ठरतं. मी देवगड तालुक्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि सवडीने आसपासच्या शाळांत जाऊन हेच शिकवतो. शिकवणारे परत गेल्यावर मागे काय उरतं, ते माझ्या टेबलावर येतं.

एका शाळेतले संगणक असेच आले होते. शहरातली काही उत्साही मंडळी येऊन उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) घालून, मुलांना दोन दिवस खेळवून, फोटो काढून गेली. ॲडमिनचा पासवर्ड त्यांच्यातल्या एकाच्याच डोक्यात, आणि त्याचा नंबर बदललेला. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन पासवर्ड बदलणं पाच मिनिटांचं काम आहे. पण हे शाळेत कोणालाच ठाऊक नसल्याने मशीनं कपाटाआड पडून होती. सॉफ्टवेअर मुक्त आणि पासवर्ड पुण्यात, असा तो प्रकार. तेव्हा पहिली गोष्ट, पासवर्ड शाळेच्या वहीत लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवायचा. त्यावर सुरक्षेचं व्याख्यान देऊ नका. इथे हॅकरपेक्षा विस्मरण मोठं.

आता शिकवायचं कोणाला? बाहेरून येणारा प्रत्येक जण वर्गातला सगळ्यात चुणचुणीत मुलगा हेरतो आणि त्याच्यावर मेहनत घेतो. त्या मुलाचं भलं होतं, वाद नाही. पण बारावी झाली की तो मुंबईला जाणार, हे कोकणात कोणालाही विचारा. शिक्षकांना शिकवावं, तर त्यांची बदली होते. म्हणून मी गावात राहणारं माणूस शोधतो. ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक, बचत गटाचे हिशेब बघणारी बाई, किंवा बीकॉम होऊन लग्नानंतर इथे आलेली एखादी सून. असं एक माणूस तयार झालं तर शाळेच्या चार बॅचेस त्याच्या जिवावर निघतात. मुलांचा वर्ग जरूर घ्या, पण शाळा सुटल्यानंतरचा तास या माणसासाठी राखून ठेवा. त्याला कॅल्क (लिबरऑफिसमधलं एक्सेलसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर) शिकवण्याआधी पेनड्राइव्हवरून सिस्टीम नव्याने कशी टाकायची ते शिकवा, आणि तुमच्यासमोर त्याच्याच हातून दोनदा करून घ्या. ज्याने एकदा अख्खं मशीन पुसून परत उभं केलंय, तो पुन्हा मशीनला घाबरत नाही.

तुम्ही गेल्यावर त्याला विचारायला कोणीतरी लागतंच. त्यासाठी मुंबईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल चांगले. साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, बरेचसे मराठी आवाजात, उतरवून ठेवता येतात. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर लावून, थांबवत थांबवत करत जायचं, अशीच त्यांची रचना आहे. पुण्याहूनच हार्डडिस्कवर भरून आणा. इथे रेंज सड्यावर (वरच्या पठारावर) मिळते आणि शाळा असते खाली वाडीत.

‘हे फुकट आहे’ असं सांगून गावात कोणी भारावून जाईल, ही अपेक्षा मात्र सोडा. चोरीचं विंडोजही फुकटच मिळतं आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा जीपीएल परवाना आला, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स सुरू केलं, हा इतिहास मलाही आवडतो, पण तो दुसऱ्या आठवड्यात सांगा. पहिल्या दिवशी गुरुजींचा पेनड्राइव्ह मागा. त्यात हमखास तो व्हायरस असतो, ज्याने सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होतात आणि खऱ्या फाइल्स गायब दिसतात. तो पेनड्राइव्ह लिनक्सवर लावून लपलेल्या फाइल्स उघडून दाखवा. माझ्या अनुभवात मुक्त सॉफ्टवेअरचा याहून चांगला प्रचार नाही.

मग पालक विचारतात, “ह्येच्यार एमएससीआयटी होतली काय?” या प्रश्नाला हसू नका, टाळूही नका. राज्यात २००१ पासून हा संगणकाचा कोर्स चालतो, सरकारी नोकरीच्या जाहिरातीत त्याचं प्रमाणपत्र मागतात आणि त्यात विंडोज व एमएस ऑफिस असतं. मी सरळ सांगतो: प्रमाणपत्र यातून मिळणार नाही, ती परीक्षा वेगळी द्यावी लागेल. पण जिने रायटरमध्ये (लिबरऑफिसमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) अर्ज लिहिला आणि कॅल्कमध्ये बेरजा लावल्या, तिला तिथे मेनूच्या जागा बदललेल्या दिसतील, काम तेच असेल. मराठी टायपिंग इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर शिकवलंत तर तेही वाया जात नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, ही मांडणी विंडोजवरही तशीच असते. एवढं खरं सांगितलं की पालक पोरांना पाठवतात. ‘याच्यापुढे एमएससीआयटी म्हणजे काहीच नाही’ म्हणणाऱ्याचा वर्ग तिसऱ्या दिवशी रिकामा होतो.

आफ्रिकेचं तुम्ही काढलंत म्हणून. २००० च्या सुमारास गीककोर ही संस्था घानामध्ये तंत्रज्ञ पाठवू लागली. एथन झुकरमन तिच्या संस्थापकांपैकी. ते लोक पाहुणे म्हणून दोन दिवस जात नसत. तिथल्या स्थानिक कंपन्यांत काही महिने बसून काम करत, आणि मला त्यातलं हेच पटतं. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये निकोलस निग्रोपाँटे यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. लिनक्स, वर शुगर नावाचा मुलांसाठीचा पडदा, प्रत्येक मुलाला एक. भारतातला तो पहिला प्रयोग. (कर्जत म्हणजे घाटाचा पायथा, समुद्र तिथून लांब, पण कोकणच.) यंत्र कौतुकाचं होतं, तरी देशभर ते पसरलं नाही. उलट केरळात सरकारनेच आयटी ॲट स्कूल नावाने हजारो शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या आणि शिकवायला बाहेरचे आणले नाहीत, शिक्षकांमधूनच मास्टर ट्रेनर तयार केले. अभ्यासक्रमात आणि परीक्षेतच ते असल्यामुळे ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्नच उरला नाही. आपल्याकडे तो पाठिंबा नाही, म्हणून उपयोग आपल्याला दाखवून द्यावा लागतो.

तो कसा दाखवायचा? मार्च ते मे इथे घराघरात एक कागद महत्त्वाचा असतो, वाशी मार्केटातून येणारी आंब्याची पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याने दिलेला विक्रीचा हिशेब. पाच डझनी पेट्या किती, सहा डझनी किती, कशाला काय भाव, मग भाडं, हमाली, इतर वजावट, आणि शेवटी हातात काय. मी कॅल्क याच पट्टीवर शिकवतो. मुलं घरातल्या जुन्या पट्ट्या आणतात, आकडे भरतात, वजावट जाऊन डझनामागे किती सुटले ते सूत्राने काढतात. एका आठवीतल्या मुलीने काकांच्या दोन हंगामांच्या पट्ट्या भरल्या. जास्त भाव लावणाऱ्या व्यापाऱ्याकडून डझनामागे हातात कमी येत होतं, कारण डाग म्हणून बाजूला काढलेली फळं तिथे फार होती. काका दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत आले. तक्रार करायला आले असं गुरुजींना वाटलं, पण त्यांना ती शीट पेनड्राइव्हवर हवी होती. वर्गात ‘विद्यार्थ्यांचे गुण’ नावाचा ठरीव तक्ता करून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं. किनाऱ्यावरच्या वाडीत जाल तर तिथे बोटीचं डिझेल, बर्फ आणि खलाशांचा वाटा असा हिशेब मिळेल.

दुसरं काम नकाशाचं. ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणालाही भर घालता येणारा मुक्त नकाशा) आमच्याकडचा हायवे दिसतो, पण वाडीतली पाणंद, व्हाळावरचा (ओढ्यावरचा) साकव म्हणजे छोटा पूल, सार्वजनिक विहीर, बागेतला मांगर म्हणजे खोपटं यातलं बरंच काही नसतं. मुलांना हे सगळं पाठ असतं, त्यांना सांगायला लावायचं आणि भरायचं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर बाहेरून आलेल्या लोकांना वाड्यांची नावं विचारत फिरावं लागत होतं, म्हणून मोठ्यांनाही याचं महत्त्व कळतं. अट एकच, जागेवर जाऊन पाहिलेलंच भरायचं आणि दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून उतरवायचं नाही. मुक्त परवान्याचा धडा इथे आपोआप होतो.

यंत्रांबद्दल थोडं, कारण शहरातल्या माणसाला इथली हवा माहीत नसते. खाऱ्या दमट हवेत रॅमच्या पट्ट्यांवर थर चढतो आणि मशीन नुसतं पीं-पीं करतं. रॅम काढून खोडरबराने पुसली की बहुतेक वेळा सुरू होतं. सप्लायच्या डब्यात मुंग्या आणि पालीची अंडी सापडणं नेहमीचं. तारीख मागे गेली असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपलाय. त्यामुळे वेबसाइट ‘सर्टिफिकेट चुकीचं’ म्हणतात आणि सगळे इंटरनेटला शिव्या देतात. अवकाळीत गडगडायला लागलं की विजेच्या पिनेबरोबर नेटवर्कची वायरही काढायची, ही सवय मुलांना लावा. जुनी मशीनं मिळणं सध्या सोपं आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ न चालणारे संगणक कचेऱ्या काढून टाकतायत. चार जीबी रॅम आणि साधी एसएसडी (वेगवान डिस्क) असली की लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी चालते. मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळाला सांगितलंत तर गणपतीला येताना ते टेम्पोत घालून आणतील.

शाळेच्या कार्यालयातलं मशीन मात्र पहिल्या दिवशी बदलू नका. तिथे जुने दाखले युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात, तो फॉन्ट नव्या मशीनवर नसेल तर ते लिबरऑफिसमध्ये उघडले की नुसती रोमन अक्षरं दिसतात. आणि प्रिंटर! इथल्या निम्म्या कार्यालयांत असलेला एक जुना छोटा लेझर लिनक्सवर चालवताना मी स्वतः घामाघूम झालोय. मुख्याध्यापकांना मुदतीच्या दिवशी एक कागद छापता आला नाही, तर तुमच्या पंधरा दिवसांवर पाणी. आधी फोनवर मॉडेल विचारा, ड्रायव्हर तपासा, नसेल तर ते मशीन विंडोजवरच राहू दे. त्यात कमीपणा नाही.

रजा एकदम घेऊ नका. एक आठवडा दिवाळीनंतर, दुसरा जानेवारीत. मधल्या काळात जे बिघडेल त्यावरच दुसरा आठवडा चालेल. जुलैत लावणी, मग गणपती, मार्चपासून परीक्षा आणि आंबा, तेव्हा येऊन फायदा नाही. राहायची सोय कोणीतरी करतंच, हॉटेल शोधू नका. मासे खात नसाल तर तेवढं मात्र आधी कळवा, नाहीतर पहिल्याच रात्री यजमानीण अडचणीत येईल.