एमओव्ही मोठा करण्याआधी सेन्सरची केबल बघा

विहिरीवरच्या पंप कंट्रोलरमध्ये एमओव्ही (मेन्सवरचा जादा व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) असूनही पावसात दोनदा बोर्ड गेला, तर १४ मिमीऐवजी २० मिमीचा लावू का, असं तुम्ही विचारलंय. लावा, पण दुखणं तिथं नाही. तुम्हीच लिहिलंय की एमओव्ही शाबूत आहे आणि आरएस-४८५ चा (सेन्सरशी तारांवरून बोलणारा) आयसी फुटलाय. म्हणजे सर्ज (व्होल्टेजचा अचानक झटका) पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरच्या ६० मीटर केबलमधून आत आला. आमच्या शेतावर मी हेच भोगलंय. मेन्सची बाजू पक्की केली होती, तरी वळवाच्या पावसात लांब कुठंतरी वीज कडाडली आणि बोर्ड गेला.

केबल पेटीत शिरते तिथंच दोन्ही तारांवरून अर्थला ९० व्होल्टचा जीडीटी (व्होल्टेज चढलं की आत ठिणगी पेटून सर्ज अर्थला नेणारी वायूची नळी) द्या. मग प्रत्येक तारेत १० ते २२ ओहमचा पल्स सोसणारा रेझिस्टर, आणि आयसीला चिकटून एसएम७१२ हा टीव्हीएस (जादा व्होल्टेज दाबून धरणारा डायोड). आरएस-४८५ च्या तारांवर -७ ते +१२ व्होल्ट चालतात, हा टीव्हीएस त्याच मापाचा आहे. रेझिस्टर गाळू नका. तो नसेल तर टीव्हीएस आधी चालू होऊन व्होल्टेज दाबून धरतो, जीडीटी पेटतच नाही आणि सगळा करंट त्या चिमुकल्या डायोडवर येतो. २४ व्होल्ट सप्लायवर मात्र नुसता जीडीटी कधीच नको. एकदा पेटला की सप्लायच त्याला विझू देत नाही.

सप्लायला टीव्हीएस निवडताना क्लॅम्पिंग व्होल्टेज, म्हणजे सर्ज आला की तो किती व्होल्टवर धरतो, ते बघा. सप्लायचं व्होल्टेज उतरवणाऱ्या एलएम२५९६ चिपची इनपुटची कमाल मर्यादा ४५ व्होल्ट. एसएमबीजे२४ए हा टीव्हीएस पूर्ण सर्जला ३८.९ वर धरतो, एसएमबीजे२८ए ४५.४ पर्यंत जाऊ देतो. नाव जवळजवळ तेच, पण एकात बोर्ड वाचतो, दुसऱ्यात जातो.

मेन्सला ४३१के ऐवजी ४७१के एमओव्ही घ्या. पहिला २७५ व्होल्टचा, दुसरा ३०० चा. रात्री लोड उतरला की गावाकडं व्होल्टेज चढतं, आणि एमओव्ही रोज थोडा थोडा तापून खराब होतो. त्याच्या आधी फ्यूज हवाच.

आता अर्थिंग, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. विहिरीजवळ सेन्सरला वेगळा अर्थ आणि घराजवळ मेन्सला वेगळा, असं असेल तर वीज पडताना त्या दोन्हींत हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि मधे तुमचा बोर्ड सापडतो. सगळे अर्थ पेटीतल्या एकाच पट्टीवर आणा. जोडणी आखूड ठेवा: १० सेंमी तारेतून ८ मायक्रोसेकंदात १००० अँपिअर गेले तर तारेवरच बारा-एक व्होल्ट वाढतात.

थेट विहिरीवर वीज पडली तर यातलं काहीच पुरणार नाही. आभाळ भरून यायच्या आधी मी सेन्सरचा प्लग अजूनही काढून ठेवतो.