वाचकांचे प्रश्न : एलपारचा सीपीयू नक्की किती बिझी?

प्रश्न : मी खराडीत एका सपोर्ट टीममध्ये मेनफ्रेमच्या कपॅसिटीचं काम बघतो, क्लायंट अमेरिकेतली बँक आहे. आरएमएफ या मोजमापाच्या टूलच्या सीपीयू रिपोर्टमध्ये बॅच चालू असताना एमव्हीएस बिझी ९० टक्के येतंय आणि एलपार (एका मेनफ्रेमचे जे स्वतंत्र भाग पाडतात त्यातला एक) बिझी ६० टक्केच. क्लायंट म्हणतो अजून ४० टक्के मोकळंय, मग बॅच लेट का? एलपारला ५ लॉजिकल सीपी (प्रोसेसर), वेटेज म्हणजे वाटपातलं वजन ३००, बॉक्समध्ये (अख्ख्या मशीनमध्ये) १० फिजिकल सीपी, सगळ्या एलपारचं मिळून वेटेज १०००, हायपरडिस्पॅच (काम मोजक्या प्रोसेसरवर एकवटणारी सोय) बंद. कोणता आकडा धरू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्ही एकाच रेकॉर्डमधून येतात, एसएमएफ (सिस्टिम स्वतःच्या वापराची जी नोंद ठेवते ती) टाइप ७० सबटाइप १. फक्त मोजणारे दोन वेगळे आहेत. झेड/ओएस, म्हणजे एलपारमधली ऑपरेटिंग सिस्टिम, जुनं नाव एमव्हीएस, स्वतःपुरतं मोजतं की माझ्या प्रोसेसरला काम नव्हतं, तो वेट स्टेटमध्ये गेला, असा वेळ किती. आणि खाली बसलेला पीआर/एसएम, म्हणजे खरे प्रोसेसर एलपारांना वाटून देणारा, मोजतो की हा लॉजिकल प्रोसेसर मी खऱ्या प्रोसेसरवर किती वेळ चढवला, त्याला डिस्पॅच टाइम म्हणतात. आरएमएफ हे दुसरं डायग्नोज २०४ ही इन्स्ट्रक्शन वापरून पीआर/एसएमकडून मागून घेतं आणि रेकॉर्डमध्ये शेजारी ठेवतं. आता गंमत अशी की पीआर/एसएमने लॉजिकल प्रोसेसर मधेच खाली उतरवला तर ते झेड/ओएसला कळतच नाही, त्याचा वेट टाइम काही वाढत नाही, त्यामुळे तो वेळ एमव्हीएस बिझीत जमा होतो.

तुमचेच आकडे घ्या. इंटरव्हल १५ मिनिटांचा म्हणजे ९०० सेकंद. एका लॉजिकल सीपीमागे वेट टाइम ९० सेकंद, म्हणून ९० टक्के बिझी. डिस्पॅच ५४० सेकंद, म्हणून ६० टक्के. ९०० मधून ५४० आणि ९० वजा केले की उरतात २७० सेकंद, आणि तुमचं उत्तर या २७० मध्ये आहे : काम तयार होतं, प्रोसेसर मागत होता, पण फिजिकल सीपी दुसऱ्या कुणाकडे होता. ५ सीपींचे ५४० म्हणजे २७०० सेकंद, भागिले ९००, बरोबर ३ सीपी. आणि १००० पैकी ३०० वेटेजला १० सीपींमधला हक्काचा वाटा किती? तोही ३ च. म्हणजे तुमचा एलपार त्याच्या वाट्याला जाऊन टेकलाय, ४० टक्के मोकळं वगैरे काही नाहीये. बाकीचे एलपार शांत असते तर त्याला ५ सीपींपर्यंत मजल मारता आली असती, तेव्हा त्याच इंटरव्हलचा पार्टिशन डेटा रिपोर्ट काढा आणि त्या वेळी कोण चरत होतं ते बघा. कॅपिंग (वापरावरची वरची मर्यादा) लागलंय का तेही तिथेच दिसेल. मग बोलणं वेटेजवर किंवा बॅचच्या वेळेवर होऊ द्या. लॉजिकल सीपी वाढवून घेऊ नका प्लीज, वाटा तेवढाच राहतो आणि तो जास्त जणांत वाटला जातो, मी तर म्हणेन त्याने त्रास वाढतोच.

त्याच रिपोर्टमध्ये इफेक्टिव्ह आणि टोटल असे दोन डिस्पॅच टाइम दिसतील. त्यातला फरक म्हणजे त्या एलपारसाठी पीआर/एसएमने स्वतः खाल्लेला वेळ. जो खर्च कुठल्याच एका एलपारच्या नावावर टाकता येत नाही तो शेवटी ‘फिजिकल’ या नावाने येतो, तो खराखुरा एलपार नाही, शोधत बसू नका.

प्रश्न : टाइप ७० रेकॉर्ड पायथॉनने वाचतेय. चार एलपारचे रेकॉर्ड एकत्र करून बेरीज केली तर बॉक्स ३०० टक्क्यांच्या वर जातोय, आणि काही फील्डमध्ये कचरा येतोय.
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : ग्लोबल परफॉर्मन्स डेटा (एलपारला इतरांचे आकडे बघू देणारं सेटिंग) चालू असेल तर प्रत्येक एलपारच्या रेकॉर्डमध्ये बॉक्समधल्या सगळ्या एलपारचा डिस्पॅच टाइम असतो, त्यामुळे चौघांचे जोडले की तोच वेळ चार वेळा मोजला जातो. बॉक्सच्या हिशोबाला एकाच सिस्टिमचे रेकॉर्ड घ्या. वेट टाइम मात्र ज्याचा त्याच्याच रेकॉर्डमध्ये सापडतो, तो चौघांकडून घ्यावाच लागेल. उलट ते सेटिंग बंद असेल तर एलपारला फक्त स्वतःचंच दिसतं.

कचऱ्याचं कारण बहुतेक चार बाइट. सेक्शनचा ऑफसेट रेकॉर्डच्या अगदी सुरुवातीपासून, म्हणजे आरडीडब्ल्यू (रेकॉर्डची लांबी सांगणारे पहिले चार बाइट) धरून मोजलेला असतो, आणि फाइल उतरवताना आरडीडब्ल्यू गळला असेल तर सगळं चार बाइटने सरकतं, मग प्रत्येक ऑफसेटमधून ४ वजा करा. जागा कोडमध्ये पक्क्या लिहू नका, ऑफसेट, लांबी आणि संख्या हे तिन्ही रेकॉर्डमधूनच वाचा, कारण नवीन रिलीजला सेक्शन लांबतात. कुठला लॉजिकल प्रोसेसर कुणाचा, हे पार्टिशन सेक्शनमध्ये, प्रोसेसरच्या सेक्शनपैकी किती सोडायचे आणि किती घ्यायचे असं दिलेलं असतं. एलपार खूप असतील तर एकाच इंटरव्हलचा डेटा अनेक रेकॉर्डमध्ये तुटून येतो, तो आधी जोडून घ्या.

प्रश्न : कपलिंग फॅसिलिटीचा (अनेक सिस्टिमना सामायिक डेटा पुरवणारा एलपार) आयसीएफ, म्हणजे तिच्यासाठीचा खास प्रोसेसर, रात्रंदिवस १०० टक्के दिसतो, अजून एक विकत घ्यायचा का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : एवढ्यावरून नका घेऊ. तुमचा आयसीएफ बहुतेक डेडिकेटेड असणार, आणि डेडिकेटेड प्रोसेसर त्या एलपारकडेच बसून असतो, काम असो नसो, म्हणून डिस्पॅच टाइम पूर्णच दिसणार. खरा वापर एसएमएफच्या टाइप ७४ सबटाइप ४ रेकॉर्डमध्ये बघा.

प्रश्न : आमच्याकडे हायपरडिस्पॅच चालू आहे. ऑनलाइन ८ सीपी, पण एमव्हीएस बिझीचा हिशोब हाताने केला की जुळत नाही.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पार्क्ड टाइम राहिला असणार. २००८ च्या झेड१० पासून हायपरडिस्पॅच आलं, तेव्हापासून व्हर्टिकल लो (एलपारच्या हक्काच्या वाट्यापलीकडचे) प्रोसेसर गरज नसेल तेव्हा पार्क होतात, ऑनलाइन असूनही झेड/ओएस त्यांना काम देत नाही. ऑनलाइन टाइममधून आधी पार्क्ड वजा करा, मग वेट, आणि भागताना खालीही पार्क्ड वजा केलेलाच ऑनलाइन टाइम घ्या. आणि प्रत्येक प्रोसेसरचं वेगळं काढा.