हळदीची कॅप्सूल अन् बाबांचा खर्रा

प्रश्न : नमस्कार जी. आम्ही समुद्रपूर तालुक्यातले, घरचीच वायगाव हळद असते. बाबा दिवसाले तंबाखू-सुपारीचे चार-पाच खर्रे खातात. त्यायनं मोबाइलवर पाह्यलं का हळदीतलं कर्क्युमिन सूज मारते अन् कॅन्सर होऊ देत नाही, तवापासून कॅप्सूल सुरू केल्या अन् म्हणतात आता मले काही होत नाही. खरं हाय का?

उत्तर : ताई, अर्धं खरं आहे आणि तेवढंच मोबाइलवर फिरतं. एकाच जागी वर्षानुवर्षं सूज राहिली की तिथल्या पेशी सारख्या मरतात, नव्या होतात, त्यात एखादी बिघडते आणि कॅन्सरचा एक रस्ता तिथून निघतो. लॅबमधल्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं तर सूज वाढवणारी यंत्रणा मंदावते, हेही खरं. पण पोटात गेल्यावर ते रक्तात फारच थोडं उतरतं, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपरिन घालतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की त्याने रक्तातलं प्रमाण जवळपास २० पट वाढतं. पण तेवढ्याने कॅन्सर टळत नाही ना! आतड्यात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असलेल्यांना वर्षभर रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं, २०१८ मध्ये निकाल आला, गाठींमध्ये काहीच फरक नव्हता. कधी कधी अशा गोळीने उलटंच होतं, फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना गाजरात असतं ते बीटा-कॅरोटिन गोळीतून दिलं, तर १९९४ च्या निकालात फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला.

वरणात, भाजीत हळद खुशाल घाला, आपली वायगावची तर कर्क्युमिनसाठीच नावाजलेली आहे. पण खर्रा चालू ठेवून वरून कॅप्सूल म्हणजे चुलीत लाकडं सारत राहायची अन् चमचाभर पाणी शिंपडायचं. तंबाखूचं सगळ्यांना माहीत असतं, पण नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच तसं जाहीर केलंय. त्यामुळे तंबाखू काढून फक्त सुपारी खातो म्हटलं तरी भागत नाही.

कॅप्सूल बंदच करायला सांगा, मिऱ्यावाल्या कॅप्सूलने काही लोकांचं लिव्हर बिघडलेलं आहे, आणि बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच जपा.

आणि हे आजच करा, बाबांना तोंड उघडायला लावून त्यांचीच तीन बोटं एकावर एक उभी आत जातात का बघा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालात पांढरा चट्टा असेल किंवा दोन आठवडे झाले तरी न भरलेला फोड असेल तर थांबू नका, ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांना दाखवा.