फ्लॅट विकून गाडीत राहायचं म्हणतात, मी काय करू?

पत्र

ताई, मी जुळे सोलापूरला राहते. वय ५७. मिस्टर येत्या जूनमध्ये रिटायर होतायत. वर्षभर त्यांनी एकच ध्यास घेतलाय: फ्लॅट विकायचा, सेकंडहँड ट्रॅव्हलर घ्यायची, आत पलंग, ओटा सगळं बसवून घ्यायचं आणि पुढचं आयुष्य देशभर फिरत त्या गाडीतच काढायचं. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला, दोघंही म्हणतात, "तुमचं तुम्ही ठरवा." मला फिरायची आवड नाही असं नाही. पण मला शुगर आहे, इन्सुलिन घेते, रात्री दोनदा उठावं लागतं. बारा वर्षं मी घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या ऑर्डरी घेते. त्याचं काय करायचं विचारलं, तर म्हणाले, "ते काय, बंद करता येईल." नाही म्हटलं तर त्यांचं स्वप्न मोडल्याचा दोष माझ्यावर येणार, आणि हो म्हणायला मन धजत नाही. काय करू?

उत्तर

ताई,

"ते काय, बंद करता येईल" या वाक्यापाशी मी थांबले. यजमानांनी डिझेलचा, टायरचा, टोलचा हिशेब नक्की केला असेल. पण पहाटे उठून ज्वारीचं पीठ मळायचं, हातावर पातळ भाकरी थापायची, ती मंद आचेवर कडक होईपर्यंत तव्यापाशी उभं राहायचं, हे बारा वर्षांचं काम आणि त्याचे पैसे त्या हिशेबात कुठेच नाहीत. तुमचं मन तिथे अडलंय असं मला वाटतं. तुमचा विरोध गाडीला नाही. दोघांचा बेत एकाने ठरवला, याला आहे. म्हणून आधी वही घ्या, तुमचं महिन्याचं उत्पन्न त्यांच्यासमोर लिहा आणि मग पुढचं बोला.

माझं मत सरळ सांगते. फ्लॅट विकायचा नाही, धंदा बंद करायचा नाही, आणि गाडीला नकारही द्यायचा नाही.

पूर्ण फ्लॅट विकायला तुमची सही लागणारच, आणि ती करू नका. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. साठीनंतर गेलेलं घर पुन्हा घेणं बहुतेकांना जमत नाही. उद्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, कुणाचा पाय मोडला, तर जिन्याजवळचा ओळखीचा शेजारी आणि स्वतःचा पलंग लागतो. पुढेमागे दोघांना हे जगणं मानवलं, तर फ्लॅट भाड्याने द्या. करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी करावीच लागते, तेवढं विसरू नका. भाड्यातून डिझेलला हातभार लागेल. पण हे सगळं नंतरचं.

यजमानांची बाजूही मांडते, कारण ती तुमच्या पत्रात आलेली नाही. जूनपासून ते दिवसभर घरात असतील. ते घर म्हणजे तुमचा कारखाना आहे. पहाटेपासून तवा तापलेला, डबे भरलेले, फोनवर ऑर्डरी. तुमची जागा तिथे पक्की आहे, त्यांची कुठे आहे? आयुष्यभर रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला रिकाम्या दिवसाची धास्ती वाटते, आणि पुरुष ती बोलून दाखवत नाहीत. या गाडीत ते स्वतःसाठी जागा शोधत असावेत. एकदा शांतपणे विचारा, "रिटायर झाल्यावर घरी बसायची भीती वाटते का?" उत्तर काहीही आलं तरी त्यानंतरचं बोलणं वेगळं होईल.

आता गाडीबद्दल. मोबाईलवरच्या व्हिडिओत डोंगर असतात, नदीकाठ असतो, आपला मे महिना नसतो. सोलापूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगू! बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत उभी केलेली पत्र्याची गाडी आतून बाहेरपेक्षाही तापते. एक टनाचा एसी तासाला साधारण १ युनिट वीज खातो, आणि १२ व्होल्टच्या २०० एएच लिथियम बॅटरीत पूर्ण चार्ज झाल्यावर जेमतेम अडीच युनिट असतात. म्हणजे दोन-अडीच तासांत एसी बंद. छतावर सोलर बसवला तरी रात्रभराची झोप त्यात भागत नाही. उन्हाळ्यात एकतर थंड भागात जायचं नाहीतर घरी यायचं, आणि घरी यायला घर हवं.

तुमच्या इन्सुलिनसाठी तर हा जिवाचा प्रश्न आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. वापरात घेतलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण ते ३० अंशांच्या आत. नेमका आकडा खोक्यावर बघा. गाडीत कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टचा फ्रिजच हवा. स्वस्तातला कूलर बॉक्स बाहेरच्या तापमानापेक्षा वीसेक अंशच खाली जातो. बाहेर ४२ असेल तर आत २२. न उघडलेल्या इन्सुलिनला ते चालणार नाही. फ्रिजचा खर्च यजमान वाचवू बघतील. इथे अजिबात मागे हटू नका.

दुसरी गोष्ट संडासची. आपल्याकडच्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, का ते प्रत्येकीला माहीत आहे. शुगर असलेल्या बाईने तसं केलं तर लघवीचा संसर्ग ठरलेला. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला ढाब्यामागे अंधारात जायला लावणाऱ्या गाडीत तुम्ही पाऊलही टाकू नका. कॅसेट टॉयलेट मिळतं, खाली साधारण वीस लिटरची टाकी असते, दोघांत ती तीन-चार दिवसांत भरते. परदेशात ती रिकामी करायच्या खास जागा असतात, आपल्याकडे जवळजवळ नाहीतच. ती नीट संडासातच ओतायची, शेतात किंवा नाल्यात नाही. हे काम यजमानांचं. गाडी घेण्याआधी त्यांच्या तोंडून हो म्हणवून घ्या, नाहीतर स्वयंपाकाबरोबर तेही तुमच्याच वाट्याला येईल.

पाण्याची मात्र मला काळजी नाही. वर्षानुवर्षं काही दिवसांच्या अंतराने येणाऱ्या नळावर संसार केलेल्या सोलापूरच्या बाईला शंभर लिटरच्या टाकीत दोन-तीन दिवस कसे काढायचे हे कुणी शिकवायला नको. त्या गाडीत तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त जाणकार असाल.

ट्रॅव्हलरचा ॲडव्हान्स देण्याआधी यजमानांना आरटीओत पाठवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येतील तसे बदल करता येत नाहीत. सीट काढणं, पलंग-ओटा बसवणं याला मंजुरी लागते आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर अपघात झाल्यावर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. सेकंडहँड ट्रॅव्हलर बहुधा पिवळ्या पाटीची, म्हणजे टुरिस्टची असते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वेगळा प्रकार कायद्यात आहे. त्यात ती बसते का, हे आधी विचारायचं. गॅरेजवाला "सगळं होऊन जातं" म्हणाला तरी त्यावर पैसे लावू नका.

आणि विकत घ्यायची घाई कशाला? पुणे, मुंबई, बेंगळुरूकडे तयार कॅरॅव्हॅन भाड्याने मिळतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी. रात्री उभं राहायला खास तळ अजून फार थोडे आहेत, पण आपल्या लोकांना भक्तनिवास आहेत. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, सगळीकडे आंघोळीची सोय होते आणि आवारात बाईमाणसाला धास्ती वाटत नाही. दिवाळीनंतर भाड्याची गाडी घेऊन आठवडाभर निघा. विजयपूर, बदामी, हंपी असं खाली उतरा. हवा चांगली असते, अंतरं झेपतात. तो आठवडा नीट गेला तर पुढच्या हिवाळ्यात दोन महिने जा, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसाठी घरी या. एवढ्या अवधीत कोणाला काय सोसतं ते दोघांनाही कळेल.

भाकरीचं सांगते. कडक भाकरी टिकते, शेंगाचटणी टिकते. निघायच्या आधी माल करून ठेवा. हाताखाली एखादी बाई तयार करा, तिला भाकरी थापायला शिकवा, पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी ती कुरियरने पाठवेल आणि हिशेब तुम्ही फोनवर बघाल. त्या शिकवण्यासाठी तीन-चार महिने लागतील. तोवर गाडी निघणार नाही, हे यजमानांना आत्ताच सांगा. तुमचं काम चालू राहावं म्हणून बेत पुढे ढकलला गेला, असं त्यांनी एकदा तरी करायला हवं.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: तुम्ही गाडी चालवायला शिका. उमरग्याच्या पुढे रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं, तर तुम्ही अँब्युलन्सची वाट बघत बसणार का? घर चालवायला दोघं आणि ते हलवायला एकटे तेच, ही व्यवस्था मला मान्य नाही. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतचं वाहन चालवता येतं, ट्रॅव्हलर त्यात बसते. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो. इन्सुलिन घेता हे त्यांना स्पष्ट सांगा, आणि स्टिअरिंगवर बसण्याआधी शुगर तपासायची सवय लावून घ्या. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच वर्षांचं मिळतं, तेवढं सध्या पुरे. लर्निंगचा अर्ज याच आठवड्यात करा, म्हणजे जूनच्या आत पक्कं लायसन्स हातात येईल. आणि शिकायला क्लासच लावा, यजमानांकडून शिकू नका. शेजारी बसून ओरडणाऱ्या नवऱ्यामुळे चांगल्या हुशार बायकांनी स्टिअरिंग कायमचं सोडलेलं मी पाहिलंय.