रिव्ह्यूमधला शेरा आणि मनाने वाचलेला शेरा

“रिव्ह्यूमध्ये दर वेळी माझाच कोड कापायला सांगतात; मी या कामाच्या लायकीची नाही का?” सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी तरुण मंडळी हा प्रश्न मला वारंवार विचारतात. (रिव्ह्यू म्हणजे लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून त्यावर शेरे देणे.) दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो घेऊन आलेली २६ वर्षांची मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) डोंबिवलीहून अंधेरीला नोकरीला जात असे आणि घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर तिच्या पोटात रोज गोळा येई.

“रिव्ह्यू करणारे सर म्हणाले, तुला साधं लिहिताच येत नाही,” ती म्हणाली. मी मूळ शेरा वाचून दाखवायला सांगितला. फोनवर एवढेच होते : “हे एका ओळीत होईल.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या उपचारपद्धतीत घटना आणि भावना यांच्यामधली धारणा शोधायची असते. इथे ती दोन वाक्यांच्या फरकात समोरच दिसत होती. तरीही “मनावर घेऊ नका” असे मी म्हटले नाही, कारण त्या सल्ल्याने माणूस फक्त गप्प होतो. मी तिला तो कोडच समजावून सांगायला लावले.

तिने कागदावर तीन चौकटी काढल्या : सेटिंग आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्राम चालवताना बाहेरून दिलेल्या मूल्यात) शोधायचे, तिथे नसेल तर कॉन्फिग फाइलमध्ये (सेटिंग लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये), आणि तिथेही नसेल तर डिफॉल्ट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेले मूल्य, घ्यायचे. यासाठी तिने २४ ओळी लिहिल्या होत्या. सरांनी सुचवलेल्या ओळीत हे तीन पर्याय ‘ऑर’ने, म्हणजे ‘किंवा’ने, जोडले होते. ती ओळ समजावताना ती थबकली. “मॅडम, आमच्या पायथन भाषेत ‘ऑर’ शून्यालाही ‘नाही’ समजतो. फाइलमध्ये कुणी रीट्राय, म्हणजे पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचा तो आकडा, मुद्दाम ० ठेवला असेल, तर तो डावलून डिफॉल्टचे ३ येतील.” मग स्वतःहूनच म्हणाली, “पण तीच तपासणी मी तीनदा लिहिली आहे, हेही खरंच.”

त्या संध्याकाळी तिने सरांना उत्तर लिहिले : “एका फंक्शनमध्ये आणते, शून्य टिकावे म्हणून मूल्य ‘नन’ (म्हणजे काहीच दिलेले नाही) आहे का, एवढेच तपासते.” २४ ओळींच्या ६ झाल्या आणि सरांनी त्या मंजूर करताना लिहिले, “शून्याचे माझ्या लक्षात आले नव्हते.”

घाटकोपरला पोटात गोळा अजूनही कधी कधी येतो. त्या दिवशी ती शेरा आधी वहीत जसाच्या तसा उतरवून घेते आणि मगच कोड उघडते.