एसीएल लावल्यावर विद्यार्थ्यांचं सगळंच इंटरनेट बंद का झालं?

प्रश्न: वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमचा क्लास आहे. सिस्को राउटरवर विद्यार्थ्यांचं १९२.१६८.२०.० नेटवर्क अकाउंटच्या सर्व्हरपासून तोडायला एसीएलमध्ये (कोणतं ट्रॅफिक जाऊ द्यायचं ते ठरवणारी यादी) डिनायची, म्हणजे नकाराची, एक ओळ लिहिली, तर त्यांचं सगळंच बंद पडलं.

उत्तर: यादीच्या शेवटी न दिसणारं ‘डिनाय आयपी एनी एनी’, म्हणजे ‘कुणाकडूनही कुणाकडेही नाही’, असतंच. राउटर प्रत्येक पॅकेट (डेटाचा तुकडा) यादीत वरून खाली ताडून बघतो, पहिली जुळलेली ओळ लागू करतो आणि तिथेच थांबतो. काहीच जुळलं नाही तर पॅकेट टाकून देतो. तुमच्या यादीत परमिट, म्हणजे परवानगीची ओळच, नाही.

डिनायच्या खाली ‘परमिट आयपी एनी एनी’ घाला. क्रम उलटा केलात तर डिनायपर्यंत काही पोहोचणारच नाही. यादी एक्स्टेंडेड प्रकारचीच हवी, कारण स्टँडर्ड प्रकारची फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता बघते. ती विद्यार्थ्यांच्या इंटरफेसवर (राउटरला त्यांचं नेटवर्क जोडलेलं असतं तिथे) ‘इन’, म्हणजे राउटरमध्ये येणाऱ्या, दिशेने लावा. वाइल्डकार्ड मास्क (पत्त्याचा कोणता भाग जुळायला हवा ते सांगणारा आकडा) ०.०.०.२५५ हवा, सवयीने सबनेट मास्कसारखं २५५.२५५.२५५.० टाइप झालं की भलतेच पत्ते जुळतात.

परमिटमध्ये ‘एनी’ऐवजी फक्त २० चं नेटवर्क लिहायचा मोह होतो. मग नवे मोबाइल अडकतात: डीएचसीपीची (उपकरणाला आपोआप पत्ता देणारी सेवा) पहिली मागणी ०.०.०.० वरून येते, तिला यूडीपी पोर्ट ६८ वरून ६७ ला वेगळी परवानगी लागते.

‘शो ॲक्सेस-लिस्ट्स’मध्ये कोणत्या ओळीचे मॅचेस वाढतात ते बघा. आकडे हललेच नाहीत तर यादी चुकीच्या इंटरफेसवर आहे, किंवा दोन्ही बाजू एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) आहेत आणि ट्रॅफिक राउटरपर्यंत येतच नाही.

घरून बदल करत असाल तर चालू कॉन्फिग (राउटरची सेटिंग) सेव्ह करून आधी ‘रीलोड इन ५’, म्हणजे पाच मिनिटांनी रीस्टार्ट, द्या. स्वतःचीच वाट बंद झाली तरी राउटर जुन्या कॉन्फिगवर परत येईल. सगळं जमलं की मात्र ‘रीलोड कॅन्सल’, नाहीतर भर क्लासात तो रीस्टार्ट होईल.