खाकी उतरवल्यावर

निवृत्तीला सहा महिने राहिलेत आणि सुरक्षा सल्लागार व्हायचं म्हणतोस, छान. पण आधी एक सवय मोड: हुकूम सोडायची. ग्राहक तुझा हवालदार नाही, त्याला कारण पटवून द्यावं लागतं.

माझं पहिलं काम भिवंडीच्या एका गोदामाचं होतं. मालकाला आणखी कॅमेरे हवे होते. मी रात्री तीनला मागच्या गेटवर गेलो आणि रजिस्टर उघडलं. आठवड्याच्या सगळ्या नोंदी एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनानं! चोरी कुठून होते, ते तिथेच कळलं. अशी नजर तुझ्याकडे तीस वर्षांच्या बंदोबस्तानं आलीय, तीच तुझी खरी पुंजी.

अहवाल मात्र पंचनाम्यासारखा लिहू नकोस. धोका, उपाय, खर्च, बस्स.

पुढे गार्ड पुरवायचे झाले तर 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली परवाना लागतो. आधी कायदा नीट वाच, नवख्या गार्डला 160 तासांचं प्रशिक्षण असतं.

आणि जुन्या ठाण्यातल्या पोरांकडून कुणाचे कॉल रेकॉर्ड मागू नकोस, ग्राहक कितीही मागे लागला तरी. त्या पोराची नोकरी जाईल रे.